दहा सुतांची फळी आणि अण्णांचं लिंबू

परवा संध्याकाळी गच्चीवर अण्णांनी मला एक वाक्य ऐकवलं. तेव्हापासून मी रंध्याला हात लावलेला नाही. रंधा पाण्याच्या टाकीजवळ पत्र्याच्या शेडमध्ये पडलाय आणि मी घरात भांडी जरा जास्तच जोरात घासतेय.

झालं असं, की यंदा गणपती घरी केलेल्या सागवानी पाटावर बसवायचा, हे मी एप्रिलमध्येच सगळ्यांना सांगून बसले. लाकडाचा नाद मला तीन वर्षांपासून आहे. दोन स्टुलं आणि एक खुंटाळं एवढी माझी आजवरची कमाई. स्टुलं डुलतात, पण ते आमच्या फरशीमुळे.

लाकूड आणायला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात गेलो. प्रश्न मी विचारत होते आणि वखारवाला उत्तरं नवऱ्याला देत होता. नवरा दोन हेल्मेटं धरून उभा. त्याला साग आणि शिसव शेजारी ठेवले तर रंगावरूनही सांगता येणार नाही, पण मान अशी डोलवत होता की जणू घराण्यात सात पिढ्या सुतारकी. "साहेब, बल्लारशाचा माल आहे. अयोध्येला दारांना गेला ना, तोच." अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून सागवान गेलं, हे खरं आहे. त्यातला एक तुकडा माझ्या पाटासाठी मागे ठेवला होता, हे मला नव्यानेच कळलं. "सुकं आहे का?" मी विचारलं. त्याने फळीवर बोटाच्या पेराने टकटक केली आणि नवऱ्याला सांगितलं, "एकदम सीझन केलेलं, साहेब."

सीझन केलेलं म्हणजे काय, ते पुढे उमगलं. त्या लाकडाने आयुष्यात एकच सीझन पाहिला होता, तोही अर्धाच.

फळी दहा इंच रुंद, तीन फूट लांब, जाडीला सव्वा इंच. म्हणजे दहा सूत. ज्यांनी सुतारांशी कधी व्यवहार केला नाही त्यांच्यासाठी: एका इंचाला आठ सूत. मे महिन्यात फळी घरातल्या भिंतीला टेकवून ठेवली, ती तिथे उरलंसुरलं पाणी सोडत बसली, जूनमध्ये पाऊस आला तसं परत पिऊ लागली, आणि जुलैत बघते तर तिने अंग आखडून घेतलेलं. रुंदीत वाटीसारखी खोलगट, आणि वर पीळ. टेबलावर ठेवली की समोरासमोरचे दोन कोपरे आलटून पालटून टकटक वाजायचे, अगदी वखारवाल्याच्या बोटासारखे.

यात लाकडाचा दोष नाही. ओलं लाकूड सुकताना लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत आकसतं. त्यातही वाढवलयांना धरून जेवढं आकसतं ते गाभ्यापासून सालीच्या दिशेला आकसतं त्याच्या साधारण दुप्पट. त्यामुळे फळी सालीकडच्या अंगाला खोलगट होते. ती तिच्या धर्माने वागली. दोष आहे तो घनफुटाच्या भावाने मला पाणी विकणाऱ्याचा. दूधवाल्याने असं केलं तर आपण सोसायटी गोळा करतो. इथे मात्र "लाकूड आहे मॅडम, जित्राब आहे ते" एवढं ऐकून यायचं. मॅडम म्हणाला, हे मात्र नोंदवते. तक्रार करायला गेले तेव्हा नवरा बरोबर नव्हता.

आधी सोपा मार्ग केला. एका मिलमध्ये रंधा मशीनवर फळी घातली. एवढ्या एका फळीसाठी मशीन चालू करायला मालक तयार नव्हता, पाऊण तास विनवण्या केल्या. मशीनचे रोलर फळीला वरून दाबून सरळ करतात आणि मग पातं फिरतं. फळी आत गेली ती शाळा तपासायला साहेब आल्यावर ताठ बसलेल्या पोरासारखी. बाहेर आली आणि साहेब गेल्यावर पोरं बसतात तशी बसली. वाकडी होती ती वाकडीच, फक्त सूतभर पातळ. पैसे पूर्ण.

म्हणून हातरंधा. आधी एक बाजू सपाट करायची, खोलगट अंग खाली ठेवून, उंच कोपऱ्यांवरून तिरपा रंधा मारत. पीळ गेला की नाही हे बघायला दोन सरळ पट्ट्या लागतात. एक फळीच्या या टोकाला आडवी, दुसरी त्या टोकाला, आणि गुडघ्यावर बसून डोळा पट्टीच्या रेषेत आणायचा. मागची पट्टी पुढचीच्या मागे सारखी लपली तर पीळ नाही. एका कडेला मागची पट्टी केसभर जरी डोकावली, तर तिथे अजून काढायचं. साग गुळगुळीत दिसतो पण त्याच्या पोटात रेतीचा अंश असतो, पात्याची धार अर्ध्या तासात जाते. पाजळ, मार, वाक, बघ, शिंक, परत पाजळ. असे तीन रविवार. तिसऱ्या रविवारी पट्ट्या लपल्या. आठ सूत शिल्लक होते. तिथे थांबायला हवं होतं.

तेवढ्यात अण्णा आले.

अण्णा तळमजल्यावर राहतात. बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर म्हणून आयुष्य गेलं, आता संध्याकाळी गच्चीवर चाळीस फेऱ्या मारतात आणि प्रत्येक फेरीला शेडपाशी थांबतात.

"काय करतेस गं?"

"फळी सपाट करतेय, अण्णा."

"वाकडी आणलीस?"

"सरळ आणली होती."

"मग वाकडी कोणी केली?"

"हवेने."

अण्णांनी हवेकडे बघितलं. हवा काही बोलली नाही. "याला विचारलंस का?" याला म्हणजे माझ्या नवऱ्याला.

"त्याला काय विचारायचं?"

"इंजिनियर आहे ना तो?"

"सॉफ्टवेअरमध्ये आहे, अण्णा."

"तरी पण."

या "तरी पण"वर मी वेगळा लेख लिहीन. अण्णांनी शर्टाच्या खिशातून एक लिंबू काढलं. भाजीवाल्याकडून वर मागून घेतलेलं असावं. कागदी, गोटीसारखं गोल. माझ्या फळीच्या मधोमध त्यांनी ते असं ठेवलं की मला पूजेची तयारी चालली आहे असं वाटलं. लिंबू क्षणभर थांबलं, मग सावकाश निघालं आणि टाकीच्या अंगाला खाली पडलं.

"बघ," अण्णा म्हणाले.

"पण पट्ट्या लावून बघितलंय मी."

"पट्टी तू धरणार, डोळा तुझा. लिंबाला काय पडलंय?"

यावर उत्तर नव्हतं. मी फळी उलटी फिरवून ठेवली, या टोकाचं त्या टोकाला. लिंबू पुन्हा टाकीकडेच गेलं. मला वाटलं, आता अण्णा निरुत्तर. अण्णा म्हणाले, "म्हणजे दोन्हीकडून वाकडी आहे."

आणि मला ते पटलं. इथे मी थांबून स्वतःचीच खरडपट्टी काढते. तीन रविवार गुडघे टेकून बघितलेल्या पट्ट्यांपेक्षा खिशातल्या लिंबावर माझा विश्वास जास्त बसला. वखारवाल्याने नवऱ्याकडे बघून बोललेलं मला टोचतं, आणि इथे मी स्वतःच स्वतःला बाजूला सारून अण्णांकडे बघत होते.

पुढचे तीन रविवार लिंबाच्या हुकमाने चालले. मी सूत-अर्धा सूत काढायचे, अण्णा यायचे, लिंबू ठेवायचे, लिंबू टाकीकडे जायचं. लिंबू तेच. ते आता खास ठेवलेलं होतं, हळूहळू सुकून कडक, तपकिरी झालं होतं. त्याला कुठेही पीळ पडला नव्हता. वखारवाल्याने त्या लिंबाकडून सीझनिंग शिकावं.

परवा फळी पाच सुतांवर आली. लिंबू टाकीकडे गेलं. मी रडकुंडीला येऊन रंधा ठेवला आणि पडलेलं लिंबू उचलायला वाकले. उचलायच्या आत ते जमिनीवरही निघालं होतं. टाकीच्या बाजूला, पावसाच्या पाइपाच्या तोंडाकडे.

"अण्णा, ही गच्चीच उतरती आहे?"

"मग? गच्ची आहे, उतार नको?" अण्णांचा चेहरा उजळला. "कोबा घातला तेव्हा मी सेक्रेटरी होतो. ठेकेदाराला हलू दिलं नाही. जिथे जिथे शंका आली तिथे लिंबू सोडून बघितलं. एक थेंब थांबत नाही आज."

"मग इतके दिवस मला सांगितलं का नाहीत?"

"तू फळीचं विचारत होतीस," अण्णा म्हणाले. "गच्चीचं कुठे विचारलंस?"

फळी घरी आणली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून तेच लिंबू वर ठेवलं. हललं नाही. पाच सुतांच्या फळीवर गणपती बसवण्याचा धीर मला होत नाही, सासूबाईंना तर मुळीच नाही. त्यांनी नवऱ्याला पाठवून काल बाजारातून पाट आणला. मशीनवर केलेला, पॉलिश चकाकतंय. सगळे झोपल्यावर मी त्याला पट्ट्या लावून बघितल्या. मागची पट्टी उजवीकडे चांगली सूतभर डोकावते.

आज जिन्यात अण्णा भेटले. पाट बघितला होता त्यांनी. "छान आहे, सरळ आहे," म्हणाले.

"लिंबू ठेवून बघितलंत?"

"छे गं. विकतचा आहे तो."