सगळ्यांनाच काय 'डिपोर्ट' करताय?

बातम्या लावल्या की डोकं फिरतं. खालच्या पट्टीवर 'आरोपीला डिपोर्ट करणार', वर निवेदक घसा ताणून 'एक्स्ट्राडिशन, एक्स्ट्राडिशन' करतोय आणि चर्चेला बोलावलेले तज्ज्ञ 'हद्दपारी'वर येऊन थांबलेत. माणूस एकच, विमान एकच. अरे, आपसात बोलून एकदाचं ठरवा तरी!

'काय फरक पडतो, आणला ना त्याला?' हे वर ऐकवतात. पडतो बाबांनो, फरक पडतो! डिपोर्ट म्हणजे ज्या देशात तो माणूस आहे तो देशच म्हणतो, आमच्याकडे राहायचं नाही, निघा. एक्स्ट्राडिशनमध्ये, म्हणजे प्रत्यार्पणात, दुसरा देश त्याला रीतसर मागतो, पुरावे पाठवतो, कोर्टात कज्जा चालतो, अटी पडतात. छोटा राजनला 2015 मध्ये इंडोनेशियाने डिपोर्ट केलं, बालीत अटक झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत गडी दिल्लीत. उलट 26/11 च्या मुंबई हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणा, त्याचं प्रत्यार्पण होतं, तर तो अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत भांडत राहिला आणि 2025 च्या एप्रिलमध्ये इथे आला. अबू सालेमला पोर्तुगालने 2005 मध्ये आपल्या हवाली केलं ते हमी घेऊनच: फाशी द्यायची नाही, 25 वर्षांपेक्षा जास्त कैद नाही. त्या हमीला सरकार बांधील आहे, हे 2022 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयालाही म्हणावं लागलं. त्याला 'डिपोर्ट केलं' असं लिहून टाकलं की ही सगळी भानगड वाचणाऱ्याला कळणार कशी? मग हेच लोक विचारतात, सालेमला फाशी का नाही देत? कप्पाळ!

त्यात काही महाभाग तडीपार गुंडालाही 'डिपोर्ट' करतात. जिल्ह्याबाहेर काढलाय हो त्याला, पासपोर्ट कशाला लागतोय!

बरं, हा झाला निष्काळजीपणा. त्याहून संताप येतो तो मुद्दाम गुळगुळीत केलेल्या शब्दांचा. ब्रिटनच्या कायद्यात डिपोर्टेशन वेगळं आणि 'रिमूव्हल' वेगळं. रिमूव्हल! कपड्यावरचा डाग काढावा तसा माणूस काढायचा. आणि 'रिपॅट्रिएशन', मायदेशी पाठवणी, ऐकायला किती गोड. 1930 च्या दशकात अमेरिकेतून मेक्सिकोला अशी 'पाठवणी' झाली त्यात अमेरिकेतच जन्मलेली असंख्य पोरं होती. कुठला मायदेश? ज्या देशात कधी पाऊल ठेवलं नाही तो?

पण सगळ्यात निर्लज्ज शब्द 'रिलोकेशन'. ऑफिसमध्ये बदलीला हा शब्द वापरतात तेव्हाच माझं टाळकं सरकतं, कारण बदली म्हटलं की निदान कुणीतरी केली हे कळतं. 'रिलोकेट' म्हटलं की जणू तुम्हीच हौसेने सामान बांधलंत. 1942 मध्ये अमेरिकेने जपानी वंशाच्या सुमारे 1,20,000 लोकांना घरंदारं सोडायला लावून काटेरी तारेच्या छावण्यांत कोंडलं. बहुतेक जण अमेरिकेचेच नागरिक. ते काम बघणाऱ्या खात्याचं नाव काय, तर 'वॉर रिलोकेशन ऑथॉरिटी'. घराबाहेर काढण्याला म्हणायचे 'इव्हॅक्युएशन', जसं काही पूर आला होता. आणि भिंतींवर जे हुकूम चिकटवले त्यात लिहिलं होतं, जपानी वंशाचे सगळे, 'एलियन अँड नॉन-एलियन'. एलियन म्हणजे परदेशी, आणि नॉन-एलियन! सरळ 'नागरिक' लिहायला हात धजेना, म्हणून हा बेशरम खटाटोप.

आणि आपले बातमीदार असले शब्द सरकारी पत्रकातून जसेच्या तसे उचलून छापतात. यापुढे कुठे 'इतक्या लोकांना रिलोकेट करण्यात आले' वाचलं तर मी थेट संपादकाला विचारणार आहे, साहेब, गाडीची कडी आतून होती की बाहेरून?