नवा मासा थेट टाकीत सोडा म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

सध्या कोकणातल्या मरीन टँकवाल्यांमध्ये, म्हणजे घरी खाऱ्या पाण्यातले मासे पाळणाऱ्यांमध्ये, एक मेसेज फिरतोय, मला तो रत्नागिरीतूनच तिघाचौघांकडून आला, मग मालवणहून आला, मग अलिबागहून. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. क्वारंटाईन, म्हणजे नवा मासा आधी काही दिवस वेगळ्या टाकीत ठेवणं, हा माशाचा छळ आहे, रिकाम्या काचेच्या टाकीत तो स्ट्रेसनेच मरतो. इच, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, प्रत्येक टाकीत असतोच, त्यामुळे त्याला अडवायला जाण्यात अर्थ नाही. मासा दुकानात खात असेल आणि अंगावर ठिपके नसतील तर तो निरोगी. घरी लसूण द्या, एक क्लीनर रॅस (दुसऱ्या माशांच्या अंगावरचे किडे खाणारा मासा) सोडा, यूव्ही (पाण्यातले जंतू मारणारा दिवा) लावा, बाकी टाकी सांभाळून घेते. आणि आपल्या किनाऱ्याचा मासा असेल तर बघायलाच नको, तो नैसर्गिक आहे. क्वारंटाईन वगैरे पैसेवाल्यांचे चोचले.

हे वाचून नवीन मुलं खरंच मासे थेट सोडतायत आणि मग दहा-पंधरा दिवसांनी रात्री फोटो पाठवून विचारतायत की ताई, हे काय झालं. म्हणून सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी "इच असतोच" हा मुद्दा घेते, कारण बाकी सगळा मेसेज त्याच्यावर उभा आहे. इच म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स, एकपेशीय परजीवी. तो माशाच्या कातडीच्या आत शिरून 3 ते 7 दिवस खातो, तो पांढरा ठिपका म्हणजे तोच, मग बहुतेक वेळा अंधारात, पहाटेच्या सुमारास अंगावरून सुटून खाली पडतो, टाकीतल्या वाळूला नाहीतर रॉकला (दगडाला) चिकटतो आणि कवच करून आत विभागत राहतो. काही दिवसांनी त्या एका कवचातून शेकड्यांनी पिल्लं बाहेर पडतात आणि त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. म्हणजे मासा नसेल तर ह्याचं जगणंच नाही, दुसरं काही खाऊन तो राहू शकत नाही. तो आपोआप तयार होत नाही, पाणी बिघडलं म्हणून उगवत नाही, स्ट्रेसमुळे जन्मत नाही. कोणीतरी आणला तरच येतो. टाकीत "असतोच" असं वाटतं कारण पुष्कळांनी तो आणलेला असतो, एवढंच.

आता ह्यावर लोक म्हणतात की माझ्याकडे दोन वर्षं एक मासा मेला नाही, मी कधीच क्वारंटाईन केलं नाही. हे खोटं नाही, होतं असं. इचमधून वाचलेल्या माशाला काही महिने त्याच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती येते, पण ती पूर्ण नसते, त्यामुळे थोडेसे परजीवी कल्ल्यांमध्ये टिकून राहू शकतात, बाहेर ठिपका दिसत नाही आणि मालकाला वाटतं सगळं ठीक. मग तो एक पावडर ब्लू टँग आणतो, जो इचला पटकन बळी पडतो हे सगळ्यांना माहीत आहे, आणि तो आठवड्यात ठिपक्यांनी भरतो आणि मालक म्हणतो दुकानदाराने आजारी मासा दिला. कदाचित दिलाही असेल, पण कदाचित तो मासा चांगला होता आणि रोग तुमच्याच टाकीत होता. जुन्या माशांची सवय झाली म्हणून टाकी निरोगी ठरत नाही.

आणि इच हा त्यातल्या त्यात वेळ देणारा रोग आहे. वेल्व्हेट, म्हणजे अमायलोऊडिनियम, तो वेळ देत नाही. आधी कल्ल्यांत बसतो, मासा जोरजोरात श्वास घेतो, वेव्हमेकरच्या प्रवाहासमोर जाऊन उभा राहतो, उजेडापासून लांब जातो, आणि अंगावर ती बारीक धूळ दिसेपर्यंत अनेकदा उशीर झालेला असतो, दोन-चार दिवसांत अख्खी टाकी रिकामी होते. क्लाऊनफिशवर येणारा ब्रुकलिनेला हा परजीवी पण असाच झपाट्याने मारतो. "टाकी सांभाळून घेते" म्हणणाऱ्याने वेल्व्हेट बघितलेला नाही असंच मी समजते.

म्हणूनच "खातोय, ठिपके नाहीत, म्हणजे निरोगी" हे मला सगळ्यात धोकादायक वाक्य वाटतं. कल्ल्यांतलं बाहेरून दिसत नाही. शिवाय पुष्कळ ठिकाणी दुकानातल्या सगळ्या टाक्यांचं पाणी एकाच संपमधून (खालच्या फिल्टरच्या टाकीतून) फिरतं, म्हणजे तुम्ही एका टाकीतला मासा घेता पण तो सगळ्या टाक्यांच्या पाण्यात राहिलेला असतो, आणि कधीकधी त्या पाण्यात हलकं कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध, चालू असतं, रोग मरण्याइतकं नाही, दबून राहण्याइतकं. घरी येऊन कॉपर थांबलं की मग ठिपके. दुकानदाराला दोष द्यायचा म्हणून हे सांगत नाहीये, त्याच्याकडे दर आठवड्याला नवा माल येतो, तो दुसरं काय करणार, पण आपण तरी हे धरून चालायला हवं.

आपल्या किनाऱ्याचा मासा. हे कोकणातल्या माणसाने लिहावं ह्याचं मला वाईट वाटलं. घरी बांगडा साफ करताना कल्ल्यांत कधीतरी तो पांढुरका किडा सापडतो ना, झिंग्यासारखे पाय असलेला? तो परजीवी आहे, आणि तो बांगडा उघड्या समुद्रातला, अगदी नैसर्गिक. समुद्रातल्या माशांवर परजीवी असतातच, फ्लूक्स म्हणजे चपटे किडे असतात, इच असतो, पण तिथे अंगावरून सुटलेला परजीवी कुठल्या कुठे जातो आणि त्याच्या पिल्लांना परत मासा सापडणं कठीण असतं. ओहोटीला खडपातल्या डबक्यात धरलेला डॅमसेल (छोटा भांडखोर मासा) किंवा केंडाचं (फुगणाऱ्या माशाचं) पिल्लू आपण 200 लिटरमध्ये आणून ठेवलं की त्या परजीवीच्या एकूण एक पिल्लाला तोच मासा, तीच काच, तेच चार कोपरे मिळतात. मासा बदललेला नाही, पाणी कमी झालंय. तेव्हा रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या खडपातला मासा असो की लक्षद्वीपकडून आलेला, थांबायचं दोघांनीही.

लसूण, रॅस आणि यूव्ही पटकन संपवते. लसणाने एखादा मासा खायला लागतो असा काहींचा अनुभव आहे, पण लसणाने इच मरतो ह्याला धड पुरावा नाही. क्लीनर रॅस समुद्रात माशांच्या अंगावरचे बाहेरचे छोटे किडे खातो, इच कातडीच्या आत असतो, तिथे त्याचं तोंड पोचत नाही, वर त्या बिचाऱ्याला टाकीत पुरेसं खाणं मिळत नाही आणि त्याला स्वतःलाही इच होतो. यूव्ही चांगला आहे, माझा आक्षेप नाही, पण जे पाणी त्याच्यातून जातं तेवढ्यातलंच मरतं, वाळूतून निघून शेजारच्या माशावर चढणाऱ्याला तो काही करू शकत नाही.

आता छळाचा मुद्दा. ह्यात अर्धं खरं आहे आणि ते मान्य करायला हवं. क्वारंटाईनमध्ये मासे मरतात, भरपूर मरतात, पण ते क्वारंटाईन वाईट केल्यामुळे मरतात. सगळ्यात मोठं कारण अमोनिया. आयत्या वेळी नवी टाकी भरली, फिल्टर कोरा, मासा सोडला, चौथ्या दिवशी अमोनिया, खाऱ्या पाण्याचा पीएच 8.2 च्या आसपास असल्यामुळे तो गोड्या पाण्यापेक्षा जास्त विषारी पडतो, मासा गेला, आणि नाव कॉपरचं. ह्यावर उपाय साधा आहे, एक स्पंज फिल्टर कायम मोठ्या टाकीच्या संपमध्ये पडून राहू दे, महिनाभरात त्यात बॅक्टेरिया बसतात, मासा येणार असेल तेव्हा तो उचलून छोट्या टाकीत लावायचा. (एकदा कॉपरच्या टाकीत लावलेला स्पंज परत संपमध्ये टाकू नका, तो वेगळाच ठेवा.) आणि अमोनियाची टेस्ट रोज, अंदाजाने नाही.

दुसरं कारण आपल्याकडे जास्त दिसतं, कारण आपला मासा मुंबईहून रात्रभर रेल्वेने नाहीतर लक्झरीने पिशवीतून येतो. पिशवीत कार्बन डायऑक्साईड साठतो, पीएच खाली जातो, त्यामुळे आत जमलेला अमोनिया तेवढा विषारी राहत नाही. तुम्ही पिशवी उघडली की गॅस उडतो, पीएच वर चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो, आणि नेमकं तेव्हा आपण दोन तास पिशवीत टाकीच्या पाण्याचं थेंब थेंब ड्रिप लावून बसतो, मासा त्याच पाण्यात. असं करू नका. दुकानातून मासा निघायच्या आधी फोन करून त्यांच्या पाण्याची सॅलिनिटी (खारटपणा, विशिष्ट गुरुत्वाच्या आकड्यात) विचारा, पुष्कळदा ती 1.018 ते 1.020 असते, क्वारंटाईनचं पाणी तेवढंच करून ठेवा, पिशवी बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं तापमानासाठी तरंगवा, मग उघडून मासा लगेच सोडा, पिशवीचं पाणी फेकून द्या. सॅलिनिटी नंतर काही दिवसांत हळूहळू 1.025 पर्यंत न्या. हे मोठ्या टाकीत करता येत नाही, तिथे सगळ्यांसाठी पाणी बदलावं लागेल, म्हणजे प्रवासाने थकलेल्या माशासाठी छोटी टाकीच जास्त सोयीची आहे.

आणि छळ कुठे जास्त आहे तेही बघा. मोठ्या टाकीत जुना डॅमसेल बसलेला असतो, तो नव्याला पहिल्या दिवसापासून हाकलतो, खाऊ देत नाही. छोट्या टाकीत पीव्हीसी पाईपचे दोन तुकडे, मंद उजेड, तीन बाजूंना कागद, कोणी मारणारं नाही, तिथे तो निवांत खायला शिकतो. तो खातोय की नाही हे तुम्हाला नीट दिसतं तरी.

खर्चाचं बोलायचं तर 40-50 लिटरची साधी टाकी किंवा झाकणाचा प्लास्टिकचा टब, स्पंज, एअर पंप, हीटर, पाईप, एवढंच. पावसाळ्यात बॅटरीवर चालणारा एअर पंप मात्र घ्याच, आपल्याकडे जून-जुलैमध्ये लाईट कधी जाईल आणि कधी येईल सांगता येत नाही आणि थोड्या पाण्यातला ऑक्सिजन लवकर संपतो. ज्यांना औषधाची भीती वाटते त्यांच्यासाठी टँक ट्रान्सफर आहे, दोन टब घ्यायचे, दर 72 तासांनी मासा एकातून दुसऱ्या स्वच्छ टबात नवीन पाण्यात हलवायचा, रिकामा झालेला टब धुऊन पूर्ण कडकडीत वाळवायचा, असं चार वेळा, 12 दिवसांत इचचा विषय संपतो, कारण खाली पडलेल्या कवचातून पिल्लं निघायच्या आधीच मासा तिथून गेलेला असतो. ह्याने वेल्व्हेट जात नाही हे लक्षात ठेवा, त्याला कॉपर लागतं. पाण्याचं म्हणाल तर पावसाळ्यात खाडीच्या तोंडाजवळचं पाणी भरू नका, नदीचं गोडं पाणी आणि गाळ मिसळलेला असतो, त्या दिवसांत पाकिटातलं मीठच वापरा.

कॉपर वापरताना कुठलं कॉपर आहे ते बघा. साध्या आयनिक कॉपरची पातळी 0.15 ते 0.20 पीपीएम असते, चिलेटेडची (दुसऱ्या रसायनाला बांधलेल्या कॉपरची) साधारण 2 ते 2.5, एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर एकतर मासा मरतो नाहीतर रोग मरत नाही. पातळी दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवा, टेस्ट किटशिवाय हात लावू नका, आणि त्याच पाण्यात अमोनिया मारणारी औषधं टाकू नका. योग्य पातळीला 30 दिवस, किंवा 14 दिवस ठेवून मग दुसऱ्या निर्जंतुक टाकीत. केंड आणि बरेचसे रॅस कॉपरला नाजूक असतात, त्यांच्याबाबतीत आधी विचारा.

ह्या सगळ्यात मेसेज लिहिणाऱ्याने जी गोष्ट धरलीच नाही ती ही, की क्वारंटाईन फक्त नव्या माशासाठी नसतं. घरात आधीपासून असलेल्या माशांसाठी असतं, आणि इलाज करायची जागा फक्त बाहेर आहे म्हणून असतं. मोठ्या टाकीत श्रिंप आहेत, गोगलगायी आहेत, अ‍ॅनिमोन आहे, तिथे कॉपर टाकलं की ते सगळे मरतात आणि रॉक-वाळू ते कॉपर शोषून ठेवते. खारटपणा 1.009 वर आणायचा उपायही तिथे चालत नाही, त्याच कारणाने. म्हणजे थेट सोडल्यानंतर रोग निघाला तर तुमच्या हातात तिथे करण्यासारखं काही उरत नाही. थेट सोडणारा एका माशाचा छळ वाचवत नाही, तो बाकीच्या सगळ्यांना विचारल्याशिवाय पणाला लावतो.

ओला रॉक, वाळू, दुसऱ्याच्या टाकीतली गोगलगाय, ह्यांच्यावरूनही कवचं येतात, म्हणून त्यांनाही वेगळ्या, मासे नसलेल्या टाकीत ठेवावं. आणि मालवणकडून कोणी कोरलचा तुकडा आणून देतो म्हणाला तर घेऊ नका, रोगासाठीच नाही, खडकाळ कोरल 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि मालवणचा तो भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. समुद्रघोड्याचंही तेच.

ज्यांनी हा मेसेज वाचून मासा आधीच सोडलाय आणि आता ठिपके दिसतायत त्यांनी मोठ्या टाकीत कुठलंही औषध ओतू नका, "रीफ सेफ" (म्हणजे कोरल-श्रिंपना चालतं असं) लिहिलेलंही नको. सगळे मासे काढा, सगळे म्हणजे जो ठणठणीत दिसतो तोही, रॉक हलवावा लागला तरी हलवा. त्यांना छोट्या टाकीत कॉपर द्या. मोठी टाकी 76 दिवस माशांशिवाय चालू ठेवा, कवचातून पिल्लं निघायला जास्तीत जास्त 72 दिवस लागल्याची नोंद आहे म्हणून तेवढे. श्रिंप आणि अ‍ॅनिमोनला खाणं चालू ठेवा, पाणी बदलणं चालू ठेवा, आणि दोन्हीकडे वेगवेगळी जाळी, वेगवेगळे पाईप वापरा, एकाचा ओला हात दुसऱ्यात घालू नका.