सगळ्यात हलका गिअर, म्हणजे सगळ्यात सोपी तीनचाकी?

दिव्यांग मुलांच्या पालकांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: "तीनचाकीला गिअर जितका हलका तितका चांगला, गिअर जितके जास्त तितके चांगले, आणि फिक्स व्हील कधीच नको, धोक्याचं असतं." (फिक्स व्हील म्हणजे चाक फिरतं तोवर पायडलही फिरतच राहतात, अशी जोडणी.) सल्ला मायेपोटी दिलेला आहे. पण तो ऐकून माझ्या लेकीचे चार महिने वाया गेले, म्हणून लिहिते आहे.

आधी हलक्या गिअरचं. जोर कमी लागतो, हे खरं. पण फेऱ्या वाढतात. १६ इंची चाकाचा घेर साधारण १.२८ मीटर. पुढच्या चेनव्हीलला, म्हणजे पायडलजवळच्या दातेरी चक्राला, ३२ दाते आणि मागच्या चाकावरच्या चक्राला १६ असतील, तर पायडलच्या एका फेरीत सायकल अडीच मीटर जाते. पुढेमागे २४-२४ असतील, तर जेमतेम सव्वा मीटर. आपण शेजारून ताशी ३ किलोमीटरने चालत असू, तर पहिल्या सायकलवर मुलाला मिनिटाला २० फेऱ्या माराव्या लागतात, दुसरीवर जवळपास ४०. माझ्या लेकीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम झालेला आहे. तिच्या पायांतल्या ताठरपणाला, स्पॅस्टिसिटीला, वेगाचं वावडं आहे: स्नायू जितक्या झटकन ताणला जाईल तितका तो जास्त आखडतो. मेंदूविकारतज्ज्ञ जेम्स लान्स यांनी १९८० साली केलेल्या स्पॅस्टिसिटीच्या व्याख्येचा गाभाच हा आहे. पायडल भराभर फिरले की तिचे गुडघे एकमेकांवर यायचे, घोटा थरथरायचा. आम्हाला वाटायचं, दमली. म्हणून गिअर आणखी हलका करायचो! शेवटी मागचं २४ दात्यांचं फ्रीव्हील (पायडल थांबले तरी चाक फिरू देणारं मागचं दातेरी चक्र) काढून १८ चं बसवलं, फेऱ्या तिशीच्या आत आल्या, आणि पाय सैल राहू लागले.

ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू दुबळे होत जाणारा आजार, असलेल्या मुलाला मात्र हलकाच गिअर हवा. तिथे जास्त जोर स्नायूंना घातक.

क्रँकबद्दल, म्हणजे पायडल ज्या दांड्यावर बसतं त्याबद्दल, त्या सल्ल्यात चकार शब्द नाही. गुडघा पुरेसा वाकत नसेल, तर क्रँक आखूड करतात. १२५ मिलिमीटरची १०० केली, की त्याच गिअरला सव्वापट जोर लागतो. मागे १६ च्या जागी २० दाते घेतले, तरच हिशेब जुळतो.

फिक्स व्हीलची भीती अर्धी खरी आहे. उतारावर पायडल थांबत नाहीत, आणि पाय पट्ट्यांनी बांधलेले असतात. शिवाय पायांनी सायकल रोखताना स्नायू ताणलेल्या अवस्थेत काम करतात, म्हणून ड्युशेनच्या मुलांना ते नकोच. पण पायडल वर-खाली आलं की ज्याचा पाय तिथेच अडतो, त्याला फिरतं चाक पुढे नेतं आणि लय सापडते. सपाट जागा, चांगला ब्रेक आणि मागे दांडा धरून मोठं माणूस एवढं असेल, तर ते जरूर वापरावं.

जास्त गिअरांबद्दल थोडक्यात: डिरेलरचा, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा, गिअर पायडल मारतानाच बदलतो, म्हणून चढावर थांबलेलं मूल जड गिअरमध्येच अडकतं. तीन गिअरचा हब, म्हणजे चाकाच्या मध्यात बसवलेले गिअर, उभ्या उभ्याही बदलता येतो. लिव्हर चांगल्या हाताकडे बसवा.

दुकानात पुढचे-मागचे दाते, चाक आणि क्रँकचं माप विचारा. मुलाला दहा मिनिटं चालवू द्या आणि शेवटच्या मिनिटातल्या फेऱ्या मोजा. भराभर फिरताना पाय ताठरत असतील तर मागे कमी दात्यांचं फ्रीव्हील, जोर लावताना धड डुलत असेल तर जास्त दात्यांचं लावून बघा.