ब्याऐंशीचा नवस

पिट्सबर्गला नोकरी लागली म्हणून अभिनंदन. घर बघा, बर्फात चालायचे बूट घ्या, पेन हिल्सच्या वेंकटेश्वर मंदिरात एकदा जाऊन या. गेलातच तर जाता जाता पायरेट्ससाठीही हात जोडा, कारण आता ही बेसबॉल टीम तुमची झाली. या गावात फुटबॉलला स्टीलर्स आहेत, हॉकीला पेंग्विन्स आहेत, पण ते जिंकतात हो. जिंकणाऱ्यांच्या मागे काय, कोणीही जाईल.

पहिलं काम, स्वप्न बेताच्या मापाचं शिवून घ्या. मोसमात १६२ सामने असतात. ८१ जिंकले, ८१ हरले की बरोबरी. म्हणजे तुमचं ध्येय ८२. वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची फायनल, वगैरे न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या लोकांनी बघावी, त्यांच्याकडे पैसा आहे. आपलं दहावीच्या मुलाच्या बापासारखं: मेरिटमध्ये नको येऊस बाबा, पण पास हो.

आता हे माप इतकं लहान का, असं सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या माणसासारखं विचारू नका. १९९२च्या ऑक्टोबरात अटलांटामध्ये, वर्ल्ड सिरीजला कोण जाणार हे ठरवणाऱ्या शेवटच्या सामन्याची शेवटची इनिंग होती, दोन आउट झाले होते, तिसऱ्याला सामना संपणार होता आणि पायरेट्स २-१ने पुढे होते. मग फ्रान्सिस्को कब्रेरा नावाच्या, फारसं कोणाला माहीत नसलेल्या माणसाने हिट मारला, म्हणजे बॉल मारून सुखरूप बेस गाठला, आणि दोन धावा झाल्या. दुसरी धाव सिड ब्रीमने, म्हणजे पायरेट्सच्याच माजी खेळाडूने, दुखऱ्या गुडघ्यांनी धावत येऊन घसरत पूर्ण केली. डावीकडून बॉल फेकणारा बॅरी बाँड्स पुढच्या मोसमात सॅन फ्रान्सिस्कोला गेला. आणि १९९३पासून २० वर्षं, सलग, एकदाही ८२ नाही. त्या रात्री बारसं झालेली पोरं कॉलेजात गेली. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांत एवढी लांब रांग दुसऱ्या कोणी लावलेली नाही. विक्रम तो विक्रमच.

दुसरं, आशा एप्रिलमध्ये खर्च करू नका. एप्रिलमध्ये सगळेच आशावादी असतात, त्यात कौशल्य नाही. आशा ऑगस्टसाठी राखून ठेवा. २०१२चा ऑगस्ट मी स्वतः जपून वापरला. ८ तारखेला टीम ६३ जिंकून ४७ हरलेली होती. मी ऑफिसच्या कँटीनमध्ये पेपर नॅपकिनवर गणित मांडलं: उरले ५२, हवेत फक्त १९. बावन्नात एकोणीस! हे तर आमच्या गल्लीतली टीमसुद्धा करेल. नॅपकिन घडी करून पाकिटात ठेवला. टीमने त्या बावन्नात १६ जिंकले आणि ३६ हरले. शेवटी ७९-८३. तीन कमी पडले. ग्रेस मार्क देणारं बोर्ड बेसबॉलला नाही.

नॅपकिन ठेवा मात्र. गणित शेवटपर्यंत मांडायचं असतं, आणि त्यातच खरी मजा आहे. सप्टेंबरमध्ये इतर गावांचे लोक प्लेऑफची तिकिटं बघतात, तेव्हा तुम्ही उरलेल्यातले इतके जिंकले तर, त्यांच्या पिचरचा, म्हणजे बॉल टाकणाऱ्याचा, खांदा दुखला तर, पाऊस पडला तर, असं करत बसायचं. त्यात संध्याकाळ छान जाते.

तिसरं, एकदा तरी मैदानावर जा. पीएनसी पार्क २००१मध्ये उघडलं, आणि त्याच वर्षी टीम बरोबर १०० सामने हरली. नव्या वास्तूत शिरताना काहीतरी राहून गेलं असणार. पण जागा अशी की हरताना समोर नदी दिसते, पिवळा क्लेमेंटे पूल दिसतो, मागे उंच इमारतींचे दिवे लागतात. मधल्या एका ब्रेकमध्ये पिरोगींची शर्यत असते. पिरोगी म्हणजे बटाट्याचं सारण भरलेली उकडलेली करंजी समजा; तिचे मोठाले पोशाख घालून माणसं पळतात. या मैदानावर कोणीतरी नक्की जिंकणार, याची हमी त्या शर्यतीतच मिळते.

२८ सप्टेंबर २०१२ला मी तिथे होतो. समोर सिनसिनाटीचा होमर बेली पिचिंग करत होता. शेजारी एक आजोबा मांडीवर स्कोअरकार्ड ठेवून बसले होते, हातात टोक झिजलेली पेन्सिल. बॅटर आउट झाला की चौकोनात छोटासा आकडा. स्ट्राइकआउट झाला की के. बॉल नुसता बघत उभा राहून आउट झाला की तोच के उलटा. पाचव्या इनिंगनंतर मी त्यांच्या कार्डात डोकावलो. आपल्या टीमच्या बाजूला एकही हिट नव्हता. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी पेन्सिल ओठांवर ठेवली. समोरच्याचा का होईना, नो-हिटर चालू असताना बोलायचं नसतं. नऊ इनिंग झाल्या, एकही हिट नाही, ०-१. ही ८१वी हार, म्हणजे ८२ विजयांचा हिशेब तिथेच मिटला. आजोबांनी कार्ड नीट घडी केलं आणि मला धीर दिला: याआधी आपल्याला असं कोणी केलं ते बॉब गिब्सनने, १९७१मध्ये. आणि १९७१मध्ये आपण वर्ल्ड सिरीज जिंकलो होतो.

याला म्हणतात तयारीचा भक्त. तुम्हाला इथवर यायला वेळ लागेल.

सध्याच्या परंपरेबद्दलही थोडं. २०२३मध्ये ७६-८६. २०२४मध्ये ऑगस्टात सलग दहा सामने हरून, शेवटी पुन्हा ७६-८६. इतका सारखा निकाल तर झेरॉक्सवालाही देत नाही. २०२५मध्ये ७१-९१. त्याच वर्षी आमच्या पॉल स्कीन्सने नऊ इनिंगांमागे सरासरी दोनपेक्षाही कमी धावा दिल्या, १.९७. त्याला साय यंग पुरस्कार मिळाला, म्हणजे नॅशनल लीगचा (बेसबॉलच्या दोन लीगांपैकी आमची) त्या वर्षीचा सर्वोत्तम पिचर. त्याच्या नावावर विजय १०, हार १०. पिचर कितीही मोठा असला तरी धावा बॅटरनी काढायच्या असतात, आणि आमचे बॅटर कोणावर अन्याय नको म्हणून त्याला बरोबर मधोमध ठेवतात.

आता तुम्ही विचाराल, ते ८२ कधी झालेच नाहीत का? झाले की. २०१३मध्ये ८१वर गाडी अडकली, सलग चार सामने हरलो, आणि ९ सप्टेंबरला टेक्सासमध्ये १-०ने सुटली. त्या वर्षी ९४ झाले, प्लेऑफही झाले, पुलावर लोक रडले. ते सोडा, तो अपघात होता. अभ्यासायचं ते २०१८. त्या वर्षी ८२ जिंकले, ७९ हरले. बेरीज १६१ येते, कारण एक सामना पावसाने गेला आणि पुन्हा खेळवायची कोणाला गरज वाटली नाही. नवस फिटला आणि गटात नंबर लागला चौथा. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कोणी एक शब्द बोललं नाही.

मी मात्र रात्री पुण्याला फोन केला. तिकडे सकाळ होती, आई चहा करत होती. म्हटलं, आई, ब्याऐंशी झाले.

"अगंबाई," आई म्हणाली, "कोणाला रे? आणि कार्यक्रम कुठे ठेवलाय?"