सूर्य पश्चिमेला उगवतो

बदलापुरात सूर्य पश्चिमेला उगवतो. यात अतिशयोक्ती नाही. मुंबईहून निघालेली लोकल कल्याणपर्यंत शहाण्यासारखी वागते. कल्याण सुटलं की कर्जतची गाडी उजवीकडे वळते ती चांगलीच वळते. पण पाट्या लावणाऱ्यानं काही मान वळवली नाही. उजव्या हाताला पूर्व, डाव्या हाताला पश्चिम हे ठाण्या-डोंबिवलीचं गणित त्यानं तसंच पुढे ओढत नेलं. त्यामुळे आमची 'पूर्व' खरी नैर्ऋत्येला आहे आणि 'पश्चिम' ईशान्येला. उल्हास नदी, बारवी धरण सगळं पश्चिमेला, आणि सकाळी सूर्यही तिकडूनच वर येतो.

चौदा वर्षं इथे राहूनही हे मला ठाऊक नव्हतं. ते कळायला पार्ल्याहून पाहुणे यावे लागले.

पाहुणे म्हणजे माझा आतेभाऊ, दादा. आयुष्यभर बँकेत ऑडिट करून निवृत्त झालेला. मेमध्ये एका मुंजीच्या पंगतीत त्यानं मला गाठलं. "काय रे, अजून तिकडेच का?" 'तिकडेच' हा शब्द त्यानं असा उच्चारला, की शेजारच्या पानावरच्या काकूंना मी पॅरोलवर आलोय असंच वाटलं असणार. पुढचं वाक्य मला पाठ आहे. बदलापुरात घर घेतलेल्या प्रत्येकाला ते पाठ असतं. "एवढं लांब जायचं तर अजून पाच स्टेशनं पुढे जाऊन कर्जतच घ्यायचं!"

नातेवाइकांना बदलापूर एरवी आठवत नाही. २७ जुलै २०१९ ला मात्र आठवलं होतं. महालक्ष्मी एक्सप्रेस आमच्या आणि वांगणीच्या मधे पुराच्या पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी गाडीत, वर हेलिकॉप्टर, पाण्यात बोटी. त्या दिवशी मला चौदा फोन आले. "अरे, तुमचं गाव टीव्हीवर दिसतंय!" त्यातले तीन तर लाइट गेलेत का हे विचारण्यासाठी नव्हतेच, फक्त अभिनंदनासाठी होते.

तर, पंगतीत मला चेव आला. जिलबीचा तिसरा वाढा झाला होता, हेही कारण असेल. म्हटलं, "दादा, तुमच्या मुंबईत घराबाहेर पाऊल टाकलं की शंभराची नोट मोडते. आमच्याकडे डोंगर आहेत, नदी आहे, धबधबे आहेत, हजार वर्षांचं देऊळ आहे. एक पैसा खर्च न करता अख्खा दिवस फिरवून दाखवतो."

दादानं ताक संपवलं, मिशी पुसली आणि म्हणाला, "एक पैसा?"

"एक पैसा."

"लिहून ठेवतो," म्हणाला, आणि खरंच मोबाइलमध्ये लिहून ठेवलं.

घरी येताना गाडीत बायकोनं शांतपणे विचारलं, "तुला तरी माहितीये का, बदलापुरात काय आहे ते?"

प्रश्न रास्त होता. मी सकाळी निघतो तेव्हा भाजीवाल्यांनी हातगाड्यांवरची प्लास्टिकं काढलेली नसतात, परततो तेव्हा ती पुन्हा झाकलेली असतात. सीएसएमटी ६८ किलोमीटर. एवढ्या प्रवासात मला निसर्ग दिसतो तो समोरच्याच्या काखेपुरता. गावातल्या तीन जागा मला नक्की माहीत आहेत: तिकीटघर, रिक्षा स्टँड आणि पंख्याखाली गाडीची वाट बघता येते तो प्लॅटफॉर्मवरचा खांब. बाकीच्या गावात माझी बायको आणि मुलगी राहतात.

जुलैतला दुसरा रविवार ठरला. म्हणजे मेगाब्लॉकही आपोआप ठरला. दादा-वहिनी दहाला पोचायचे ते साडेअकराला अंबरनाथला उतरले. आम्ही तिघं बदलापूरहून त्यांना भेटायला तिथे गेलो. माझा पास होता. बायको आणि मुलीचं तिकीट प्रत्येकी पाच रुपये.

"दहा," दादानं मोबाइल काढला.

"दादा, हा प्रवासखर्च आहे. फिरण्याचा खर्च नाही."

"हेड कुठलंही लाव. रक्कम दहा."

स्टेशनबाहेर वडे तळत होते. पावसाची भुरभुर, कढईतून वर येणारी वाफ, आणि पलीकडे तळलेल्या मिरच्यांवर मीठ टाकणारा पोऱ्या. पाच जणांची पावलं आपोआप मंदावली. वहिनींनी तर पर्सची चेन अर्धी उघडलीही. "नियम म्हणजे नियम," दादा म्हणाला. मला त्या क्षणी पंगतीतल्या स्वतःचा फार राग आला. आम्ही वास घेतला आणि चालू लागलो. वास फुकट होता, तो त्यानं लिहिला नाही.

अंबरनाथचं शिवमंदिर स्टेशनपासून वीसेक मिनिटांवर. पूर्वेला. (कुठल्या पूर्वेला ते तुम्हाला आता कळलंच आहे.) देवळाच्या अंगाने वालधुनी वाहते. तिला नदी म्हणायचं की नाही, हे पाऊस किती झालाय त्यावर ठरवावं. पण देऊळ! काळ्या दगडाचं, पावसात भिजून आणखी काळं झालेलं, एक वीतभर जागा कोरीव कामाशिवाय सोडलेली नाही.

"हेमाडपंती," मी खुलासा केला. मराठी माणसाला जुनं काळं देऊळ दिसलं की हा शब्द तोंडातून शिंकेसारखा येतो.

"बाबा, नाही," मुलगी म्हणाली. "हे शके ९८२ चं आहे. म्हणजे १०६०. शिलाहारांचं. हेमाडपंत त्यानंतर दोनशे वर्षांनी झाला. ही भूमिज शैली आहे. शाळेच्या सहलीत सांगितलं होतं."

"सहल कुठे होती?"

"इथेच."

त्या सहलीचे पैसे मीच भरले होते. सही पण माझीच असणार.

आता प्रश्न चपलांचा. पावसाचे दिवस, पाच जोड, त्यात दादाचे नवे सँडल. चपला सांभाळायला द्यायच्या तर पाच-दहा रुपये आलेच. मग सर्वानुमते ठरलं की मी चपलांपाशी थांबायचं. शिवमंदिराच्या गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं, पिंड जमिनीच्या पातळीखाली आहे, हे मला वहिनींनी बाहेर येऊन सांगितलं. मी दहा चपलांच्या मधोमध छत्री धरून उभा होतो. समोर भिंतीच्या पायाशी हत्तींची रांग कोरलेली. एकामागोमाग एक, मुठीएवढे हत्ती. पावसाचं पाणी वरच्या थरांतल्या अप्सरांच्या अंगावरून खाली येऊन नेमकं एका हत्तीच्या सोंडेवरून ठिबकत होतं. थेंब, थांबा, थेंब. सोंड झिजून बोथट झाली होती. मी त्या ठिबकण्याकडे इतका वेळ बघत राहिलो की एक बाई माझ्यासमोर चपला काढून, "भाऊ, बघा हं," म्हणून आत निघून गेल्या. मग आणखी एक कुटुंब आलं. दादा बाहेर आला तेव्हा माझ्याकडे एकवीस जोड होते आणि एका गृहस्थांनी माझ्या हातात पाच रुपये ठेवले होते.

"वजा पाच," दादानं नोंद केली. "निव्वळ खर्च पाच."

बदलापूरला परतलो (आणखी दहा), घरी बायकोची थालीपिठं आणि लोणी खाल्लं, आणि मोहिमेच्या मुख्य अंगाला हात घातला. कोंडेश्वर. भोजच्या पुढे, डोंगराच्या कुशीत देऊळ, कुंड, धबधबा. तिथवर चालत जाणं दादाच्या गुडघ्यांना मंजूर नव्हतं. पण तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्याकडे व्हॅन आहे. तो म्हणाला, "चला की, मलाही घरातून निघायला काहीतरी कारण हवंच होतं." पेट्रोलचं विचारलं तर "राहू दे हो" म्हणाला. दादानं शून्य लिहिलं. या 'राहू दे'ची परतफेड म्हणून मी पुढे सोसायटीच्या गणपतीत चार रात्री थर्माकोलबंदी पाळून पुठ्ठ्याचा महाल कापत बसलो, ते त्याच्या हिशोबात कुठेच आलं नाही.

गाव मागे पडलं, भातखाचरं सुरू झाली. गुडघाभर चिखलात बायका वाकून लावणी करत होत्या, पाठीवर प्लास्टिकची इरली. पाऊस थांबला होता. मी पुढच्या सीटवरून हात दाखवत माहिती देत होतो, म्हणजे पाटीवर लिहिलेलं मोठ्यानं वाचत होतो. आणि एका वळणावर रस्त्यात आडवं बॅरिकेड.

"बंद आहे," पोलीस म्हणाले. रेनकोटात बसून कणीस खात होते.

"धबधब्याला जायचंय."

"म्हणूनच बंद आहे. दरवर्षी पावसाळ्यात मनाई असते साहेब. माणसं बुडतात. कुठले तुम्ही?"

मागच्या सीटवरून दादाचे कान मला दिसत नव्हते, पण टवकारलेले ऐकू येत होते.

"बदलापूरचे," मी म्हणालो.

पोलिसांनी कणीस बाजूला ठेवलं. "बदलापूरचे? मग तुम्हाला माहिती पाहिजे. ही सगळी कल्याण-डोंबिवलीवाल्यांसाठी लावलीये." मग त्यांना माझी दया आली असावी. "खाली उतरा. इथूनच बघा. कुंडापाशी जाऊन काय दिसतं? एकच धबधबा. इथून सगळे दिसतात."

उतरलो. ढग वर सरकत होते. माथेरानची लांबच लांब भिंत समोर उघडी पडली होती आणि तिच्यावरून पांढरे धागे सोडल्यासारखे धबधबे. मुलीनं मोजायला सुरुवात केली. सतरापर्यंत आली तेव्हा ढग पुन्हा खाली आला आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं. उजवीकडे ढगातून एक सुळका बाहेर आला, कुणीतरी गर्दीतून बोट वर करावं तसा.

"हा कुठला?" वहिनींनी विचारलं.

मी खोकलो.

"चंदेरी," कणीस खात पोलीस म्हणाले.

येताना नदी दाखवायला पश्चिमेला गेलो. त्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. उल्हास नदी चहाच्या रंगाची झाली होती आणि घाटाच्या पायऱ्या गिळत वर आली होती. काठावर जायला मनाई. आम्ही लांबून नमस्कार केला, शिट्टी ऐकली, परत फिरलो.

संध्याकाळी सगळे गच्चीवर. चहा घरचा, म्हणून हिशोबाबाहेर. आमची इमारत पूर्वेला आहे. गच्चीवर मी चौदा वर्षांत दोनदाच गेलो होतो, एकदा पाण्याच्या टाकीचा फ्लोट अडकला म्हणून आणि एकदा चंद्रग्रहण म्हणून. तेव्हाही ढग होते. अंबरनाथच्या थोडं डावीकडे ढगांना खालून केशरी कड आली होती.

दादा बराच वेळ कपाळाला आठ्या घालून बघत होता. शेवटी म्हणाला, "ही बाजू पूर्व ना? स्टेशनवर तसं लिहिलंय."

"हो."

"मग सूर्य इकडे काय करतोय?"

ऑडिटर माणूस. चूक दिसली की त्याला झोप येत नाही. त्यानं मोबाइलवर कंपास उघडला, गच्चीच्या चारही कोपऱ्यांत जाऊन उभा राहिला, तो आठच्या आकड्यात हलवा म्हणून मोबाइलनं सांगितलं तर हलवला. मग परत आला तो आयुष्यातला सर्वांत मोठा घोटाळा सापडल्याच्या आनंदात. "अरे, तुमचं अख्खं गाव उलटं लिहिलंय!" त्यानं वहिनींना सांगितलं, मुलीला सांगितलं, शेजारच्या गच्चीवर कपडे काढायला आलेल्या आजींनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो, माहितीये की. म्हणून तर पापड मी तिकडच्या कठड्यावर वाळवते."

नऊच्या गाडीनं दादा-वहिनी गेले. स्टेशनवर निरोप घेताना दादानं हिशोब वाचला: वीस वजा पाच, पंधरा. "हरलास," म्हणाला. मग जरा थांबून, "पुढच्या वेळी पाऊस संपल्यावर येतो. तो चंदेरी मोकळा बघायचाय." मग त्यानं पाच जणांसाठी वडापाव घेतले. पैसे त्यानंच दिले आणि ते लिहिले नाहीत.

मधल्या एका तासात मुलीनं मला गच्चीवर उभं करून सगळे डोंगर पाठ करून घेतले होते. हा तावली. हा चंदेरी. आणि तो लांबचा, पायऱ्यापायऱ्यांचा, तो मलंगगड. "तो तर तुला रोज गाडीतून दिसतो बाबा. जाताना डावीकडे."

सोमवारी सकाळी नेहमीसारखा दोन बाकांच्या मधे उभा होतो. अंबरनाथ सुटल्यावर मी डावीकडच्या खिडकीकडे वाकलो, दोघांच्या खांद्यांच्या फटीतून बघायला. खिडकीशी बसलेल्या गृहस्थांचे डोळे मिटलेले होते. त्यांना माझी चाहूल लागली असावी. लोकलमध्ये माणूस असा वाकतो तो 'कुठे उतरणार?' हे विचारायलाच. डोळे न उघडताच म्हणाले, "घाटकोपर."

"नाही, मलंगगड," मी म्हणालो.

त्यांनी एक डोळा उघडला, मला खालून वर बघितलं आणि म्हणाले, "ही गाडी तिकडे जात नाही."