ॲडम स्मिथच्या नावावर फाडलेली पावती

शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर परवा आमच्या सरांनी एक मेसेज टाकला. वर दोन बाणांची खूण, म्हणजे आधीच गावभर फिरून आलेला. मजकूर असा: 'भांडवलशाहीचा जनक ॲडम स्मिथ याने १७७६ सालीच सांगून ठेवलंय, की अदृश्य हात सगळं बघतो, व्यापाऱ्याला मोकळं सोडा, सरकारने पोलीस ठेवण्यापलीकडे काही करू नये. आपल्याकडे असा विचार कुणी केलाच नाही, म्हणून उसाच्या दरापासून शाळांपर्यंत सरकार लुडबुडतं.' खाली अंगठ्यांची रांग.

मी सांगलीत हळदीच्या एका पेढीवर दिवाणजी आहे. बी.ए.ला अर्थशास्त्र होतं आणि दुपारी सौदे आटोपले की वाचायला थोडा वेळ मिळतो. तेव्हा सरांचा मान ठेवून एकेक वाक्य घेतो.

'भांडवलशाहीचा जनक.' स्मिथच्या १७७६च्या 'वेल्थ ऑफ नेशन्स' या पुस्तकात हा शब्दच नाही. तो 'व्यापारी समाज' म्हणतो, 'नैसर्गिक स्वातंत्र्याची व्यवस्था' म्हणतो. आज ज्या अर्थाने आपण भांडवलशाही म्हणतो तो अर्थ १८५०च्या सुमारास लुई ब्लांसारख्या फ्रेंच समाजवाद्यांच्या लिखाणात येतो, आणि विद्वानांत तो रुळला १९०२ साली जर्मनीच्या झोम्बार्टच्या ग्रंथानंतर. म्हणजे बारसं विरोधकांनी केलं, तेही बाप वारल्यावर साठ वर्षांनी.

'अदृश्य हात सगळं बघतो.' एवढ्या जाडजूड ग्रंथात हे शब्द एकदाच आलेत. संदर्भ काय? व्यापाऱ्याला परदेशापेक्षा आपल्या देशात पैसा गुंतवणं सुरक्षित वाटतं. त्यात तो स्वतःचीच सोय बघतो, पण त्याच्या मनात नसताना देशाचंही भलं होतं; जणू एखाद्या अदृश्य हाताने त्याला तिकडे नेलं. बस्स. 'नेहमी' असंही त्याने म्हटलेलं नाही. 'इतर अनेक बाबतींप्रमाणे इथेही' एवढंच म्हटलंय.

'व्यापाऱ्याला मोकळं सोडा.' इथे मला थांबावंच लागेल, कारण हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे.

एक जुना सौदा सांगतो. माल राजापुरी, वाळवण चांगलं. खरेदीदार ढिगाभोवती उभे. एकाने हळकुंड उचललं, मोडलं, आतला रंग बघितला आणि शेजाऱ्याकडे दिलं. बोली चढत गेली आणि एका आकड्याला अडली. त्या आकड्यावर कुणी दहा रुपयेसुद्धा वाढवेना. पलीकडच्या ढिगाचा माल जरा हलका होता, तरी तिथेही बोली त्याच आकड्यावर थांबली. मालाचा मालक, धोतर-पटक्यातले म्हातारे आबा, माझ्याकडे वळून म्हणाले, "दिवाणजी, ही सगळी एकाच ताटात जेवल्यागत का थांबली?" मी खाली बघून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, लिहिली. संगनमत होतं असं मी म्हणत नाही, मला ठाऊक नाही. पण आबांचा प्रश्न स्मिथने अडीचशे वर्षांपूर्वी विचारला होता. एका धंद्याचे लोक मौजेसाठी जरी जमले, तरी बोलणं बहुधा गिऱ्हाइकांविरुद्धच्या कटाने किंवा भाव चढवण्याच्या युक्तीने संपतं, असं तो लिहितो. मजुरी वाढू नये म्हणून मालकांची कायम मूक एकी असते, हेही त्याचंच. व्यापारी-कारखानदारांनी सुचवलेला कायदा अत्यंत संशयाने तपासून घ्यावा, असा सल्ला देऊन तो पहिला भाग संपवतो. आणि देश चालवायला व्यापाऱ्यांची मक्तेदार कंपनी म्हणजे बहुधा सर्वांत वाईट सरकार, हे त्याने ईस्ट इंडिया कंपनीचा बंगालातला कारभार चालू असताना लिहिलं. कृष्णाकाठी त्या कंपनीचा अंमल तेव्हा यायचा होता.

'पोलिसांपलीकडे काही नको.' स्मिथ सरकारला तीन कामं देतो: संरक्षण, न्याय, आणि रस्ते, पूल, शिक्षण अशी सार्वजनिक कामं. आयुष्यभर दोन-चारच हालचाली करणाऱ्या मजुराची बुद्धी गंजते, म्हणून गावोगाव गरिबाला परवडेल अशी शाळा हवी, असं तो म्हणतो. (मास्तरांचा सगळा पगार मात्र सरकारने देऊ नये, नाहीतर ते काम टाळतील, असंही म्हणतो. सर, हे तुमच्यासाठी नाही.)

व्याजाचं तर बघाच. व्याजावर कायद्याची मर्यादा हवी, असं खुद्द स्मिथ म्हणत होता. ती मोडीत काढा असं १७८७ साली इंग्रज विचारवंत बेंथमने लिहिलं. आपल्या मुंबई इलाख्यात १८२७च्या नियमाने बारा टक्क्यांची मर्यादा होती, ती १८५५ साली उठली. वीस वर्षांत पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. दंग्याला इतरही कारणं होती, सारावाढ होती, कापसाचे पडलेले भाव होते. पण १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. तो पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला, आणि आजच्या सांगली जिल्ह्यातला तासगाव-वाळवा मुलूख त्या साताऱ्यातच होता.

'आपल्याकडे विचार कुणी केलाच नाही.' वाईला मुन्सफी केलेल्या लोकहितवादींनी १८४९ साली 'लक्ष्मीज्ञान' हे अर्थशास्त्रावरचं पुस्तक मराठीत काढलं. न्यायमूर्ती रानडे १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात उभे राहून म्हणाले, की इंग्रजी अर्थशास्त्राचे सिद्धान्त सर्व देशांना, सर्व काळी सारखेच लागू पडत नाहीत. इथे उद्योग उभे करायला सरकारचा हातभार हवा, असं त्यांचं मत. ते पटो न पटो, पण 'विचार केलाच नाही' हे कसं म्हणणार?

राहिला उसाचा दर. इथे मेसेज स्मिथला बराच जवळ आहे. सरकारने भाव बांधून देणं त्याला रुचलं नसतं. एवढंच कशाला, साठेबाजांची भीती म्हणजे चेटकिणीच्या भीतीसारखी, असं त्याने धान्याच्या व्यापाराबद्दल लिहिलंय. साठा करणारा व्यापारी टंचाई आधी ओळखतो, भाव चढवतो, लोक जपून खातात आणि धान्य पुढच्या सुगीपर्यंत पुरतं; जहाजावरचा शहाणा कप्तान शिधा कमी करतो तसंच. हळदीवर कुणाचं पोट भरत नाही, पण सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद दाबून ठेवणाऱ्यांना आम्ही शिव्या घालायचो, तेव्हा हा गडी बहुधा पेववाल्याच्या बाजूने बोलला असता.

सर, तुमच्या बाजूचा एवढा चांगला मुद्दा मेसेज लिहिणाऱ्याने गाळला. पुढे पाठवताना तेवढा घाला.