स्त्रीभ्यो ढक्: नावांविषयीच्या एका फिरत्या संदेशाला उत्तर

गेल्या रविवारी सकाळी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर आमच्या चुलत्यांनी एक लांबलचक संदेश पुढे पाठवला. तोच संदेश त्याआधी सोसायटीच्या आणि शाळासोबत्यांच्या गटावरून माझ्याकडे आला होता व दोन्ही वेळा मी तो अर्धवट वाचून पुसून टाकला होता. या वेळी तसे करता आले नाही, कारण आमच्या गटात माझी भाची आहे. ती आठवीत शिकते, माझ्या बहिणीने तिला एकटीने वाढवले आहे आणि शाळेच्या कागदपत्रांत तिच्या नावापुढे आईचे नाव व आजोळचे आडनाव आहे. दुपारी तिचा फोन आला आणि तिने एवढेच विचारले, ‘मामा, त्यातला चौथा मुद्दा माझ्याबद्दल आहे का?’

संदेशात पाच मुद्दे आहेत. नावात वडिलांचे नाव गुंफण्याची पद्धत जगात फक्त महाराष्ट्रात आहे, हा पहिला. पाश्चात्त्यांत ती नव्हती आणि जिथे दिसते तिथे ती आपल्याकडूनच गेली, कारण ‘जॉन्सन’मधला ‘सन’ म्हणजे आपला ‘सूनु’, हा दुसरा. आइसलँडमध्ये कुटुंबव्यवस्था मोडल्यामुळे लोकांना आडनावेच उरली नाहीत, हा तिसरा. ज्याच्या बापाचा पत्ता नसतो तोच आईचे नाव लावतो आणि आपल्या परंपरेत असे कधीही नव्हते, हा चौथा. सरकारने २०२४ पासून वडिलांचे नाव काढून त्या जागी आईचे नाव आणले, हा पाचवा. मी चौथ्यापासून सुरुवात करतो. बाकीचे चार नुसते चुकीचे आहेत. हा चौथा एका तेरा वर्षांच्या मुलीच्या जिव्हारी लागला आहे.

‘आपल्या परंपरेत असे कधीही नव्हते’ हे वाक्य ज्याने लिहिले, त्याने परंपरेचे व्याकरणसुद्धा उघडून पाहिलेले नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत चौथ्या अध्यायाच्या पहिल्या पादात ‘तस्यापत्यम्’ असे सूत्र आहे आणि ‘अमक्याचे अपत्य’ या अर्थाचे शब्द कसे घडवावेत, याचे नियम तिथपासून पुढे सांगितले आहेत. दशरथाचा पुत्र तो दाशरथि, हे आपण शाळेत शिकतो. त्याच पादात १२० वे सूत्र आहे ‘स्त्रीभ्यो ढक्’, म्हणजे स्त्रीवाचक प्रत्ययाने संपणाऱ्या शब्दांपासून ‘अपत्य’ या अर्थी ढक् प्रत्यय होतो. या ‘ढ’च्या जागी ‘एय’ येतो आणि विनतेचा पुत्र वैनतेय होतो. याच ढक् प्रत्ययाने कुंतीचा कौंतेय आणि राधेचा राधेय सिद्ध होतो. आईच्या नावावरून मुलाचे नाव घडवण्याची रीत इतकी रुळलेली होती की वैयाकरणाला तिच्यासाठी स्वतंत्र सूत्र रचावे लागले. जी गोष्ट समाजात नाही किंवा जी लाजेने लपवली जाते, तिच्यासाठी कोणी असे सूत्र करत नाही. खुद्द पाणिनीचा उल्लेख पतंजलीच्या महाभाष्यात ‘दाक्षीपुत्र’ असा येतो, म्हणजे दाक्षी नावाच्या आईचा मुलगा. बृहदारण्यक उपनिषदाच्या अखेरीस जी गुरुपरंपरा दिली आहे, तिच्यात पौतिमाषीपुत्र, कात्यायनीपुत्र, गौतमीपुत्र, भारद्वाजीपुत्र अशी आचार्यांची नावे ओळीने येतात आणि ती सगळी आईकडून आलेली आहेत.

ग्रंथांवर विश्वास नसेल तर नाशिकच्या पांडवलेण्यांपर्यंत जावे. तिथल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री या सातवाहन राजमातेचा शिलालेख आहे. तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी तिने ते लेणे भिक्षुसंघाला दान दिले आणि त्या निमित्ताने आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, प्रशस्ती कोरून घेतली. ज्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, असे त्याचे वर्णन त्या लेखात आहे आणि तो आईच्या सेवेत कधी उणा पडला नाही, असेही आहे. याच राजाने नहपान या क्षत्रप राजाचा पराभव केल्यावर नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर आपला ठसा पुन्हा उमटवला. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली अशा नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यात १३ हजारांहून अधिक नाणी होती आणि त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर ‘गोतमिपुत’ ही अक्षरे पुन्हा ठोकलेली होती. जिंकलेल्या शत्रूच्या नाण्यावर उमटवण्यासाठी या राजाने स्वतःच्या नावाबरोबर आईचे नाव निवडले. महाराष्ट्राच्या अभिमानाची भाषा करणाऱ्या संदेशाला पैठणचा हा राजा आठवू नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ‘गौतमी’ हे त्या राणीचे व्यक्तिनाव नव्हते. व्यक्तिनाव बलश्री होते आणि ‘गौतमी’ हे गोत्रावरून आलेले नाव मानले जाते. शिवाय सातवाहनांची गादी बापाकडून मुलाकडेच जात असे, तेव्हा या नावांवरून तो समाज मातृसत्ताक होता असा निष्कर्ष काढणाऱ्यांशीही मी सहमत नाही. तरीही मुद्दा शिल्लक राहतोच: ज्यांच्या बापाचा पत्ता पुरता ठाऊक होता, असे राजे आईच्या बाजूने आपली ओळख सांगत होते आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नव्हता.

‘बापाचा पत्ता नसतो’ या अर्ध्या वाक्याचे उत्तरही यातच आहे, पण ते परदेशांतूनही मिळते. डेन्मार्कवर १०४७ ते १०७६ या काळात राज्य करणारा राजा स्वेन एस्ट्रिडसन हा उल्फ नावाच्या सरदाराचा मुलगा होता आणि हे सर्वांना माहीत होते. तरीही तो आईचे, म्हणजे एस्ट्रिडचे नाव लावत असे, कारण गादीवरचा त्याचा हक्क आईकडून आला होता. ती राजाची मुलगी व राजाची बहीण होती. स्पेनमध्ये प्रत्येक मुलाला वडिलांचे पहिले आणि आईचे पहिले अशी दोन आडनावे मिळतात. पाब्लो रुईझ पिकासो या नावातले ‘रुईझ’ वडिलांचे आणि ‘पिकासो’ आईचे. त्याचे वडील स्वतः चित्रकार होते, कला शिकवत असत आणि मुलाचे पहिले धडेही त्यांच्याच हाताखाली झाले. तरीही जग त्याला ओळखते ते आईच्या आडनावाने. आणि भगवद्गीतेत अर्जुनाला पुन्हा पुन्हा ‘कौंतेय’ व ‘पार्थ’ (पृथेचा, म्हणजे कुंतीचाच पुत्र) म्हणून हाक मारली जाते, ती काय पंडूचे नाव ठाऊक नव्हते म्हणून?

माझ्या भाचीचे वडील कोण, हे आम्हा सर्वांना माहीत आहे. पण मला तिला खरे सांगायचे होते ते याहून पुढचे आहे. समजा, एखाद्या मुलाच्या वडिलांचे नाव खरोखरच कोणाला सांगता येत नसेल, तर? छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात असा मुलगा आहे. सत्यकाम आपल्या आईला, जबालेला, विचारतो की माझे गोत्र कोणते, कारण गुरूकडे गेल्यावर ते सांगावे लागणार. ती म्हणते की तरुणपणी मी अनेक ठिकाणी सेवा करत हिंडत होते, तेव्हा तू मला झालास, तुझे गोत्र मला ठाऊक नाही. माझे नाव जबाला, तुझे नाव सत्यकाम, तेव्हा तू ‘सत्यकाम जाबाल’ असे सांग. या वाक्याचा अर्थ भाष्यकारांनी आपापल्या परीने सौम्य केला आहे. तो कसाही लावला तरी पुढचा प्रसंग बदलत नाही. मुलगा हारिद्रुमत गौतमाकडे जातो आणि आईचे शब्द जसेच्या तसे सांगतो. गौतम त्याला परत पाठवत नाही, टोमणा मारत नाही. तू सत्यापासून ढळला नाहीस, समिधा घेऊन ये, मी तुझे उपनयन करतो, असे तो म्हणतो. तो मुलगा पुढे आचार्य झाला आणि आईच्याच नावाने ओळखला गेला. परंपरेचा दाखला द्यायचाच असेल तर तो हा आहे, आणि ज्या लेखकाने परंपरेच्या नावाने मुलांना कलंकित ठरवले त्याने या गुरूच्या अगदी उलट वर्तन केले आहे.

आता बाकीचे मुद्दे. वडिलांचे नाव फक्त महाराष्ट्रात लावतात, हे विधान गुजरातच्या सीमेवरच कोसळते, कारण तिथेही स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव हाच क्रम आहे. तमिळनाडूत वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आधी येते किंवा संपूर्ण नाव आधी येते; विश्वनाथन आनंद या नावात ‘आनंद’ हे त्या बुद्धिबळपटूचे स्वतःचे नाव आणि ‘विश्वनाथन’ वडिलांचे, आणि ते उलटे समजून परदेशी पत्रकार वर्षानुवर्षे त्याला वडिलांच्या नावाने हाक मारत राहिले. इथिओपियात स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव येते आणि आडनाव नसतेच. अरबांचे ‘बिन’, म्हणजे ‘अमक्याचा मुलगा’, तर आपल्याच दप्तरात आहे: पेशवाईपासून इंग्रजी अमदानीपर्यंतच्या मराठी कागदपत्रांत ‘अमुक बिन तमुक’ आणि ‘अमुक वलद तमुक’ अशी नावे भरलेली आहेत आणि विवाहित स्त्रीच्या नावापुढे ‘कोम’ लिहून नवऱ्याचे नाव येते. म्हणजे ज्या रीतीला संदेश अस्सल आपली म्हणतो, ती कागदावर लिहिताना आपल्याच पूर्वजांनी अरबी शब्द वापरले होते.

रशियाचे उदाहरण मला थोडे अधिक सांगावेसे वाटते, कारण ते आपल्या पद्धतीशी सर्वांत जवळचे आहे. तिथे स्वतःचे नाव, वडिलांच्या नावावरून घडवलेले नाव आणि आडनाव असे तीन भाग असतात. मुलाच्या बाबतीत ‘ओविच’ आणि मुलीच्या बाबतीत ‘ओव्हना’ असा प्रत्यय लागतो आणि आदराने हाक मारताना पहिली दोन नावे एकत्र उच्चारतात. १९६३ साली अंतराळात गेलेली पहिली स्त्री वालेंतिना व्लादिमिरोव्हना तेरेश्कोवा लग्नानंतरही ‘व्लादिमिरोव्हना’च राहिली. आपल्याकडे मात्र ‘वडिलांचे नाव जन्मभर सोबत’ असा जो अभिमान संदेशात मिरवला आहे, तो मुलीच्या बाबतीत बहुधा बोहल्यापर्यंतच टिकतो. तिथून पुढे वडिलांच्या जागी नवऱ्याचे नाव येते. संदेश लिहिणाऱ्याच्या ध्यानात अर्धी लोकसंख्या आलीच नाही.

‘सन’ आणि ‘सूनु’ यांच्याबद्दल जे लिहिले आहे, त्यात अर्धे सत्य आहे हे नाइलाजाने मान्य करतो. हे दोन शब्द एकाच मुळातून आलेले आहेत. पण याचा अर्थ ते एका जुन्या भाषेचे वारस आहेत एवढाच. इंग्रजीने तो संस्कृतकडून घेतला नाही आणि मुलाला बापाच्या नावाने ओळखण्याची कल्पना कोणी कोणाला शिकवावी लागत नाही. अरबी व हिब्रू या भाषा तर या कुळातल्याच नाहीत आणि तिथे ‘बिन’ व ‘बेन’ आहेत. पाश्चात्त्यांत ही रीत नव्हती म्हणणाऱ्यांनी गोव्यातल्या शेजाऱ्यांची आडनावे वाचावीत: फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा, रॉड्रिग्ज म्हणजे रॉद्रिगोचा. पोर्तुगालमध्ये कधीकाळी पिढीगणिक बदलणारे हे पितृनाम पुढे गोठून आडनाव झाले आणि धर्मांतराबरोबर कोकणी घरांत आले. वेल्समधले ‘ॲप राइस’, म्हणजे राइसचा मुलगा, असेच गोठून ‘प्राइस’ झाले.

आइसलँडचा मुद्दा तर पूर्ण उलटा आहे. तिथे आडनावे मोडली नाहीत. ती बहुतेकांना कधी नव्हतीच. उरलेल्या युरोपात पितृनामे गोठून आडनावे झाली तेव्हा आइसलँडने जुनी रीत राखली आणि १९२५ च्या कायद्याने नवी आडनावे घेण्यास बंदीही केली. १९८० साली राष्ट्राध्यक्ष झालेल्या विग्दिस फिनबोगादोत्तिर यांच्या वडिलांचे नाव फिनबोगी थोर्वाल्डसन. म्हणजे वडील थोर्वाल्डचे पुत्र आणि त्या फिनबोगीची कन्या. मुलीचे ‘दोत्तिर’ लग्नाने बदलत नाही. कायद्याने तिथे आईचे नावही लावता येते. हैदार हेल्गुसन हा फुटबॉलपटू इंग्लंडमधील मैदानांवर वर्षानुवर्षे आईचे, हेल्गाचे, नाव पाठीवर घेऊन खेळला. आधुनिक महाराष्ट्राहून वडिलांच्या नावाला अधिक घट्ट धरून ठेवणाऱ्या समाजाला कुटुंबव्यवस्था मोडलेला ठरवणे म्हणजे ज्या गोष्टीची पहिल्या मुद्द्यात स्तुती केली, तिचीच तिसऱ्यात निंदा करणे होय.

राहिला पाचवा मुद्दा. राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय नोंदींत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आहे. वडिलांचे नाव काढलेले नाही, ते आईच्या नावानंतर आहे. अविवाहित आईला अपत्याचा जन्मदाखला मिळण्यासाठी वडिलांचे नाव सांगण्याची सक्ती करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच स्पष्ट केले होते आणि २०१६ च्या अखेरीपासून पारपत्राच्या अर्जातही आई किंवा वडील यांपैकी एकाचे नाव पुरते.

चुलत्यांना मी हे सर्व काल लिहून पाठवले. ते वयाने मोठे आहेत, त्यांनी तो संदेश कोणाला दुखावण्यासाठी पाठवला नव्हता याची मला खात्री आहे आणि तसे मी भाचीलाही सांगितले. त्यांच्याकडे माझी विनंती एकच आहे की तो संदेश गटावरून काढावा आणि ज्या दोघा-तिघांना त्यांनी तो पुढे पाठवला असेल, त्यांना निदान चौथा मुद्दा खोटा आहे एवढे तरी कळवावे. भाचीने ‘जाबाल’ हा शब्द कसा लिहायचा ते मला विचारून घेतले आहे.